नवसागराने दारू होत नाही: केळीच्या बादलीतलं जीवशास्त्र

‘गावठी दारूचे कच्चे रसायन नष्ट’ ही बातमी खानदेशातल्या वर्तमानपत्रांत आठवड्याला एकदा तरी सापडतेच. तपशीलही ठरलेला असतो: नाल्याकाठचे डबे, गूळ, नवसागर, आणि जागेवर ओतून दिलेलं इतके-इतके लिटर रसायन. विदर्भातल्या बातमीत त्यालाच सडवा म्हणतात आणि तो शब्द जास्त खरा आहे. ‘रसायन’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, डब्यात कारखान्यातलं काहीतरी ओतलेलं असणार. असतं काय? साखर, पाणी आणि यीस्ट नावाची एकपेशीय बुरशी. सातपुड्यात मार्च-एप्रिलमध्ये गळणारी मोहाची फुलं पाण्यात भिजत ठेवली, की वाळलेल्या फुलातल्या साखरेवर हेच घडतं.

या बातम्यांमुळे एक समज पक्का झालाय, की नशा नवसागराची असते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात जी पूड टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तीच ही पूड. तिच्यात नशेचा कणही नाही. तिच्या वजनाच्या सुमारे २६ टक्के नायट्रोजन असतो आणि यीस्टला वाढायला तो लागतो, इतकाच तिचा संबंध. लिटरमागे दीडशे मिलिग्रॅम नायट्रोजन धरला, तर दहा लिटर सडव्याला सहा ग्रॅमसुद्धा नवसागर लागत नाही. मुठीने टाकला तर उलटंच होतं: यीस्ट अमोनियम आत घेतं, बदल्यात आम्ल बाहेर सोडतं, क्लोराइड तसाच मागे उरतो, आणि सडवा इतका आंबट-खारट होतो की यीस्टच मंदावतं. शिवाय कल्हईचा नवसागर खाण्याच्या प्रतीचा नसतो. म्हणजे ‘कडक’ करण्यासाठी टाकलेली वस्तू दारू कमीच करते.

घरी भट्टी लावणं १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे आपण भट्टीकडे जाणार नाही. पण सडवा हा शिरक्याचाही, म्हणजे व्हिनेगरचाही, पहिला टप्पा आहे, आणि शिरक्यासाठी खानदेशाइतका स्वस्त कच्चा माल कुठे मिळणार? रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या भावाच्या यादीत नवती, पिलबाग यांच्या खाली ‘वापसी’ असते. व्यापाऱ्याने बाजूला काढलेला हा माल. त्यातली काळे ठिपके पडलेली, हाताला मऊ लागणारी केळी आपल्याला हवीत. हिरव्या केळ्यात साखर जवळजवळ नसते, असतो तो स्टार्च, आणि स्टार्च तोडायचं एन्झाइम आपल्या बेकरीच्या यीस्टकडे नाही. केळं पिकतं तेव्हा ते काम केळंच करून ठेवतं. अर्धकच्ची केळी घातली तर बादली चार दिवस मख्ख बसून राहते आणि माणूस यीस्टला दोष देतो.

आता हिशोब. दहा किलो पिकल्या केळ्यांतून साल काढून सुमारे सहा किलो गर निघतो. त्यात १८ टक्के साखर धरली तर जवळजवळ १.१ किलो. गर हाताने किंवा रवीने मोडून त्यात साडेपाच लिटर उकळून गार केलेलं पाणी घालायचं. मिक्सर नको, त्याने लगदा इतका बारीक होतो की पुढे गाळताना कापड बुजतं. एकूण अकरा लिटरच्या आसपास होईल. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे शाळेतलं समीकरण. यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी थोडी साखर ठेवून घेतं, तेव्हा अर्धा किलो अल्कोहोल हाती येईल, म्हणजे लिटरला सुमारे ४५ ग्रॅम. त्याचं पुढे शिरक्यात रूपांतर होताना ४६ ग्रॅमचे ६० ग्रॅम ॲसिटिक आम्ल होतात. गळती-उडती धरून साडेचार टक्क्यांच्या जवळ जाता येतं. अन्नसुरक्षेच्या नियमाला आंबवलेल्या शिरक्यात किमान ३.७५ टक्के लागतात. ‘जास्त होईल’ म्हणून बारा लिटर पाणी ओतलं, तर हेच आम्ल तीन टक्क्यांच्या आत राहतं आणि महिनाभराने बरणीवर हिरवी-काळी बुरशी येते. तिला कुणाची दृष्ट लागलेली नसते, पाणी जास्त झालेलं असतं. लोणच्याचंही तेच: पाळी आलेल्या बाईच्या हाताने ते नासतं असं अजूनही म्हणतात, पण ओला चमचा बरणीत घालणारा हात कुणाचाही असो, लोणचं नासणारच.

केळ्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (कमी तितकं आंबट), पाचच्या आसपास असतो. तेवढ्यात नको ते जिवाणूही सुखाने नांदतात. आठ रसदार लिंबं पिळून तो सव्वाचार-साडेचारवर आणायचा. पीएचची पट्टी दुकानात स्वस्तात मिळते. यीस्ट बेकरीचं, कोरडं, पाच ग्रॅम. ते थेट गरावर भुरभुरू नये. वाटीभर कोमट पाण्यात, ३८ ते ४० अंशांच्या, पंधरा मिनिटं फुलू द्यायचं. वाळलेल्या पेशीचं आवरण सुरकुतलेलं असतं. गार पाण्यात ते नीट जुळून येत नाही आणि पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो. नायट्रोजनची काळजी वाटत असेल तर नवसागराऐवजी आणखी एक चमचा यीस्ट पाण्यात दहा मिनिटं उकळून तेच पाणी बादलीत ओता. मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टचं उत्तम खाद्य असतं.

इथून पुढचा भाग जरा दमाने वाचावा लागेल, पण सगळी गंमत त्यातच आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘ऑक्सिजन नसताना यीस्ट अल्कोहोल तयार करते’. बादली उघडी ठेवली, ढवळत राहिलं, तरीही यीस्ट अल्कोहोल करतंच. असं का?

पेशीत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात, पायरूवेटचे. त्यातून पेशीला एटीपीचे दोन रेणू मिळतात, म्हणजे ऊर्जेची रोख रक्कम. पण हे तुकडे करताना हायड्रोजन निघतो आणि तो उचलायला एनएडी नावाचा वाहक लागतो. केळीच्या कापणीत क्रेट असतात तसं समजा. ट्रकमधून रिकामे क्रेट बागेत परत आले नाहीत तर घड कितीही असोत, कापणी थांबते. पेशीत एनएडीचे क्रेट मोजकेच असतात. भरलेला क्रेट रिकामा करायचे दोन रस्ते. एक लांबचा: मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात जा, हायड्रोजन ऑक्सिजनला दे, पाणी कर. यात एका ग्लुकोजमागे यीस्टला सोळा ते अठरा एटीपी मिळतात. दुसरा जवळचा: पायरूवेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाक, उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडवर तो हायड्रोजन ठेवून दे. झालं अल्कोहोल, आणि क्रेट रिकामा. म्हणजे अल्कोहोल हे यीस्टचं ध्येय नाही, ती क्रेट रिकामे करायची जागा आहे.

साखर भरपूर असली की यीस्ट ऑक्सिजन असूनही जवळचा रस्ता धरतं. एका ग्लुकोजमागे मिळकत कमी, पण वेग इतका जास्त की शेजारचे जिवाणू जेवायला बसायच्या आत ताट रिकामं होतं. वरून अल्कोहोलमुळे तेच शेजारी मरतात. साखर संपली की मग यीस्ट सावकाश ऑक्सिजन वापरून स्वतःचंच अल्कोहोल खातं. आधी साठवायचं, शत्रू मारायचे, मग साठा खायचा. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. हर्बर्ट क्रॅबट्री यांनी १९२९ मध्ये तो यीस्टमध्ये नव्हे, कर्करोगाच्या गाठींच्या पेशींमध्ये पाहिला होता.

मग हवा कशाला लागते? यीस्टच्या पेशीचं आवरण ज्या स्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्लांचं असतं, ती ऑक्सिजनशिवाय बनत नाहीत. पेशी दुप्पट होताना आवरणाचं सामान निम्मंनिम्मं वाटलं जातं. चार-पाच पिढ्यांनी ते इतकं पातळ होतं की अल्कोहोल सहन होत नाही आणि अर्धी साखर शिल्लक असताना बुडबुडे थांबतात. म्हणून पहिले बारा तास बादली कापडाने झाकून दर दोन-तीन तासांनी जोरात ढवळायची, फेस येईपर्यंत. त्यानंतर झाकण लावून त्यातून काढलेल्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. झाकण घट्ट पिळून बंद करू नका. १.१ किलो साखरेतून अडीचशे लिटरहून जास्त वायू निघतो. बादली वीस लिटरची, खाण्याच्या वस्तूंसाठीची घ्या, कारण गर टोपीसारखा वर चढतो. तो दिवसातून एकदा स्वच्छ पळीने खाली दाबायचा, नाहीतर वरचा थर वाळून त्यावर बुरशी धरते.

तापमान २५ ते ३२ अंश हवं. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि आंबताना बादली स्वतःही तापते, तेव्हा हे काम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यातच करायचं असेल तर बादली पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. पाच ते सात दिवसांत बुडबुडे थांबतात, गर खाली बसतो. मलमलीतून गाळून एक रात्र ठेवा आणि वरचं पाणी नळीने ओढून घ्या.

इथे भट्टीवाल्यांचा एक समज निघतोच: पहिली धार टाकली की मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, जातं. गंमत म्हणजे ‘पहिल्या धारेची’ हेच आपल्याकडे चांगल्या दारूचं विशेषण. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ ला, हे शुद्ध द्रवांबद्दल खरं. पाण्यात मिसळलेलं मिथेनॉल पहिल्या धारेपासून शेवटपर्यंत येत राहतं. फळातल्या पेक्टिनपासून होणारं मिथेनॉल थोडंच असतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली ती कारखान्याचं मिथेनॉल दारूत मिसळल्याने, आणि ते ना वासाने ओळखू येत ना चवीने.

शिरक्याकडे येऊ. गाळलेल्या तीन भाग द्रवात एक भाग जिवंत, न गाळलेला शिरका घालायचा. त्याने आम्ल एक टक्क्याच्या वर जातं आणि बुरशीला दार बंद होतं. पहिल्यांदा बाजारातला, तळाशी गढूळ तंतू असलेला सफरचंदाचा शिरका चालतो. त्याचं काम तेवढंच. त्याने पोट उतरतं, रक्त शुद्ध होतं वगैरे व्हिडिओंवर जाऊ नका. रुंद तोंडाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, अर्धीच भरून, कापड बांधून अंधारात ठेवा. ॲसिटिक जिवाणूंना मात्र ऑक्सिजन हवाच, आणि तो पृष्ठभागावरूनच मिळतो. तांबं-पितळ, ॲल्युमिनियम वर्ज्य. कापड इतकं दाट हवं की चिलटं आत जाणार नाहीत. आठ-दहा दिवसांत वर सायीसारखा पापुद्रा येतो, तो सेल्युलोजचा असतो. बरणी हलवली की तो बुडतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून. साय गुळगुळीत, ओलसर असेल तर ठीक. केसाळ, रंगीत असेल तर फेकून द्या.

पाच ते आठ आठवड्यांनी दहा मिलिलिटर शिरका घ्या, दुप्पट पाणी घाला, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, आणि वरून एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. दहावी-अकरावीच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखं काम आहे. फिकट गुलाबी रंग टिकायला ६.२५ मिलिलिटर लागले तर आम्ल ३.७५ टक्के. आठवड्याच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला, की अल्कोहोल संपलं. त्याच दिवशी थांबवायचं, कारण आता खायला दुसरं काही नसल्याने ते जिवाणू ॲसिटिक आम्लच जाळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करू लागतात आणि महिन्याभरात बरणीत नुसतं आंबूस पाणी उरतं. शिरका गाळून ६५ अंशांवर दहा मिनिटं तापवा आणि बाटल्या अगदी गळ्यापर्यंत भरा.