पुढाकारी नेतृत्व

पुढाकारी नेतृत्व : अडचण अंगावर येण्याआधी तिची चाहूल घेऊन, वरून आदेश येण्याची वाट न पाहता बदलाची कल्पना मांडणे आणि तिच्यामागे माणसे, पैसा व मान्यता उभी करणे, या दोन्ही कामांसाठी मिळून ही संज्ञा वापरली जाते. अधिकारपद ही तिची अट नाही. विविध कार्यकारी सोसायटीचा सचिव किंवा गावच्या शाळेतील शिक्षकही या अर्थाने नेता ठरू शकतो.

संघटनाशास्त्रात थॉमस बेटमन व मायकल क्रँट यांनी 1993 मध्ये, परिस्थितीपुढे मान न तुकवता ती बदलू पाहणाऱ्या स्वभावाचा विचार मांडला. त्याच वर्षी जेन डटन व सुसान अ‍ॅशफर्ड यांनी वरिष्ठांपुढे विषय कसा नेला जातो, तो कोणत्या शब्दांत मांडावा, कोणाला सोबत घ्यावे आणि वेळ कोणती साधावी, याची चिकित्सा केली. व्यवहारात दुसऱ्या विचाराचा उपयोग अधिक होतो, कारण स्वभाव सहसा बदलत नाही, मांडणी मात्र शिकता येते.

सहकारी संस्थेची मासिक सभा हे त्याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण. विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ असा एक रकाना असतो. चहा होऊन गेलेला असतो, संचालक उठण्याच्या बेतात असतात, आणि नवी कल्पना नेमकी तेव्हा पुढे येते. ‘पुढच्या सभेत पाहू’ यापलीकडे तिच्या पदरात काही पडत नाही. हीच कल्पना आधी चार संचालकांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या शंका ऐकून, खर्चाचा आकडा दुरुस्त करून नेली, तर सभेत तिच्या बाजूने बोलणारे दुसरेच असतात. खानदेशात ठराव प्रमाण मराठीत लिहिला जातो, पण मन वळते ते अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कल्पना डोळ्यांनी दिसली की निम्मे काम होते. एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये नवतेच्या प्रसाराविषयी लिहिताना, ती थोड्या प्रमाणात करून पाहता येणे आणि तिचा परिणाम इतरांना दिसणे, या गुणांना महत्त्व दिले. जळगाव जिल्ह्यात केळीला ठिबक सिंचन रुजले त्यामागचे कारण यावरून उलगडते. भवरलाल जैन (1937–2016) यांनी जळगावातून ठिबकचा प्रसार केला, तो पाटाने भरपूर पाणी देण्याची सवय असलेल्या भागात. ड्रिपरखाली जमिनीवर ओलीचे लहानसे वर्तुळ तेवढे दिसते. बाकीचा वाफा कोरडा पाहून ‘एवढ्याने केळ कशी भागणार?’ ही शंका येणे अगदी रास्त होते. तिला वादाने उत्तर देता येत नाही. खोडाशेजारी कुदळीने खड्डा खणला की वर वितभर दिसणारी ओल खाली मुळांभोवती कांद्यासारखी फुगलेली दिसते, आणि शंका घेणारा शेतकरी ती माती मुठीत दाबून पाहतो. एक-दोन ओळींवर प्रयोग करता येणे हीही मोठी सोय, कारण सगळा बाग पणाला लावावा लागत नाही.

ज्या कल्पनेत लोकांना आज काही सोडावे लागते आणि फळ पुढे केव्हातरी मिळते, तिथे मात्र प्रात्यक्षिक पुरत नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने उजाड झालेले जंगल राखले. त्यासाठी पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथे 400 हेक्टरांहून अधिक वनक्षेत्र गावाने सांभाळले आहे. चुलीला रोज लाकूड लागणाऱ्या घरांनी कुऱ्हाडबंदी मानली, याचे कारण नियम, दंड आणि राखण या तिन्ही गोष्टी गावानेच बसून ठरवल्या. ज्याच्यावर बंदी यायची त्यालाच ती ठरवण्यात वाटा देणे, हा पाठबळ मिळवण्याचा सर्वांत कष्टाचा आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत टिकाऊ मार्ग आहे.

पुढाकाराला धोकेही असतात. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 2000 मध्ये त्यातील विसंगती दाखवली : वरिष्ठांना पुढाकार हवा असतो, पण तो त्यांच्या मनातल्या दिशेनेच जावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे धडपड्या माणसाची ‘अति करतो’ अशी संभावना होते, आणि हे पाहून बाकीचे गप्प बसतात. संस्थेचे यात होणारे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

संमतीवाचून बदल अशक्य असलेल्या रचनेचा जुना नमुना म्हणून पांझरा व मोसम नद्यांवरील सामुदायिक सिंचनाच्या फड पद्धतीकडे पाहता येते. बंधाऱ्यावरून पाटाने येणारे पाणी पाटकरी वाटून देतो. एका फडात, म्हणजे लागून असलेल्या शेतांच्या एका गटात, सर्वांनी मिळून ठरवलेले एकच पीक घेतले जाते. एखाद्याला वेगळे पीक सुचले, तर त्याला आधी बांधाला बांध लागून असलेल्या सगळ्यांना पटवावे लागे. पुढे विहिरी व विजेचे पंप आले, तशी ही गरज उरली नाही; ज्याच्याकडे स्वतःचे पाणी आहे तो शेजाऱ्याला न विचारता पीक बदलू लागला, आणि अनेक ठिकाणी फड मोडत गेले.