माजी सैनिक साहाय्यकार्य (ग्रामीण विदर्भ)

सैन्यातून निवृत्त झालेले जवान, त्यांच्या विधवा, म्हातारे आईवडील आणि मुले यांना हक्काचे लाभ मिळवून देण्याचे आणि अडीअडचणीला हात देण्याचे काम. ग्रामीण विदर्भात ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, माजी सैनिकांच्या तालुक्या-तालुक्यांतल्या संघटना आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले न्यास मिळून करतात. धर्मादाय म्हटले की शिलाई मशीन, वह्यांचे वाटप आणि शाल-श्रीफळ आठवते. तेही होते, पण इथले खरे काम कागदांचे आणि एस.टी.च्या फेऱ्यांचे आहे.

साताऱ्याकडे एका गावाचे नावच ‘मिलिटरी अपशिंगे’ पडले आहे. अशा गावात पेन्शनचा अडलेला कागद कुठे न्यायचा हे पारावर विचारले तरी कळते. विदर्भात अनेक गावांत ‘मिलिटरीवाला’ एखाद-दुसराच असतो, आणि तो गेला की त्याचे कागद समजणारे कोणी उरत नाही. अंतरे तर विचारू नयेत. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा कार्यालय दोनशे किलोमीटरांहून दूर आहे.

सैन्याशी विदर्भाचे नाते मात्र जुने आहे. कामठीची छावणी १८२१ची. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण कामठीत. या रेजिमेंटचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावलाच. नवरा ज्या रेजिमेंटचा, तिच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र जाते. वाशीम जिल्ह्यातल्या विधवेचा अर्ज त्यामुळे सागर किंवा बेळगाव गाठतो आणि पेन्शनचा आदेश प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून निघतो. उत्तर येते ते इंग्रजीत.

अर्ज अडतो तो बहुधा नावावर. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहायची आपली रीत. माहेरची शेवंता सासरी सुनंदा होते. शाळेच्या दाखल्यावर शेवंता राहते, आधारवर सुनंदाबाई येते, आणि पलटणीतल्या कारकुनाने पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या लग्नाची, मुलांची नोंद होते त्या लष्करी आदेशात, ऐकू आले तसे तिसरेच स्पेलिंग लिहून ठेवलेले असते. नवरा हयात असेपर्यंत हे कोणी पाहत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी या तिघी एकच आहेत हे सिद्ध करायचे काम तिच्यावर येते. अशा वेळी संघटनेचा एखादा निवृत्त नाईक किंवा हवालदार घरी येतो आणि आधी विचारतो, “काकू, साहेबांची काळी पेटी कुठं आहे?” पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली लोखंडी पेटी माळ्यावर असते, तिच्यात आता तुरीचे बियाणे ठेवलेले असते. डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटल्याचे पुस्तक) आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) निघतात ते त्याच्या खालून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. मग तहसीलचे प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, बँकेचे पासबुक, आणि पुन्हा जिल्ह्याला फेरी.

‘स्पर्श’ ही संगणकीय पेन्शन व्यवस्था आल्यापासून बँकेतली खेप कमी झाली, पण वर्षातून एकदा हयातीची ओळख पटवावी लागते. ती राहिली तर पेन्शन थांबते. कापूस वेचून आणि निंदण करून झिजलेली बोटे यंत्रावर उमटत नाहीत, हा नेहमीचा अनुभव. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता मोबाइलवर आहे. संघटनांची पोरे वाडीवस्तीवर जाऊन तेवढे करून देतात. शाल-श्रीफळाच्या दहा कार्यक्रमांपेक्षा याचा उपयोग जास्त.

पेन्शन सगळ्यांना असते हा गैरसमज. शिपायाला साधारण पंधरा वर्षे सेवा झाल्याशिवाय ती लागू होत नाही. त्याआधी घरी आलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या आणि पासष्टी ओलांडलेल्या माजी सैनिकाला वा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक अर्थसाहाय्य मिळू शकते. नोव्हेंबर २०२५ पासून ते ४,००० वरून ८,००० रुपये झाले. ज्यांना पेन्शन मिळते तेही पस्तिशी-चाळिशीतच ‘पेन्शनीवर’ येतात. पोरे पाचवी-सहावीत, वावर कोरडवाहू, आणि पुढे वीस वर्षे काम करायची ताकद. काही जण मेस्को या राज्य सरकारच्या माजी सैनिक महामंडळामार्फत सुरक्षारक्षक होतात, काही जण पहाटे डांबरी रस्त्यावर गावातल्या पोरांना भरतीसाठी पळवतात.

या मदतीचा मोठा पैसा ध्वजदिन निधीतून येतो. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. छातीवर लावायच्या छोट्या ध्वजात लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तिन्ही दलांचे रंग असतात. संकलन जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होते आणि जिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिले जाते. ऐच्छिक देणगीला उद्दिष्ट असावे हे जरा विचित्रच, पण सैनिकांच्या मुलामुलींना शिष्यवृत्त्या मिळतात त्या अशाच निधीतून. घरपट्टीतून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना सूट देणारी राज्याची योजना २०२०ची. ग्रामसेवकाला तिची आठवण करून द्यायला पुष्कळदा संघटनेचेच पत्र लागते.

गावाच्या लेखी वर्दीतला प्रत्येक जण फौजी, कायद्याच्या लेखी नाही. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. त्यांतले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले होते. हे दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून त्याच्या निवृत्तांना ‘माजी सैनिक’ हा दर्जा आणि सैनिक बोर्डाच्या योजना नाहीत. त्यांची कल्याण व्यवस्था वेगळी आहे. संघटनेच्या दारात हे निवृत्त जवान येतात तेव्हा त्यांना परत पाठवणे कोणालाच जमत नाही. अर्ज निदान योग्य कार्यालयाकडे लावून दिला जातो.

अग्निपथ योजना २०२२ साली आली. चार वर्षांची सेवा, शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी. पेन्शन, कँटीन, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे औषधपाणी आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही. कायम होणारे एक चतुर्थांशापर्यंत, बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीस भरू लागतात. त्यांना सभासद करून घ्यायचे की नाही हा प्रश्न आता संघटनांपुढे आहे, कारण त्यांच्याकडे दाखवायला पीपीओ क्रमांकच नसेल.