संगमेश्वर ते सिंधुदुर्ग : विषाणूच्या नव्या रूपाचा माग कसा लागतो

जून २०२१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला संगमेश्वर तालुका अचानक देशभरच्या बातम्यांत आला. २१ जूनला तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात कोरोना विषाणूच्या ‘डेल्टा प्लस’ या नव्या रूपाचे २१ रुग्ण सापडल्याचं सांगितलं. रत्नागिरीत ९, जळगावात ७, मुंबईत २ आणि पालघर, ठाणे, सिंधुदुर्गात प्रत्येकी एक. चारच दिवसांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वृद्धेच्या मृत्यूची बातमी आली. राज्यातला डेल्टा प्लसचा तो पहिला मृत्यू. त्यानंतर ‘रत्नागिरीहून आलोय’ म्हटलं की समोरचा दोन पावलं मागे सरकायचा.

त्या २१ पैकी १४ रुग्ण मुंबई धरून कोकणपट्टीतले होते, हे खरं. पण विषाणूचं हे रूप कोकणात सापडलं, याचा अर्थ ते कोकणात जन्मलं असा होत नाही. राज्याने तेव्हा प्रत्येक जिल्ह्यातून शंभर नमुने जनुकीय तपासणीसाठी मागवले होते. १५ मेपासून साडेसात हजार नमुने गोळा झाले आणि त्यातून हे २१ निघाले. जिथून नमुने गेले तिथेच सापडणार, जिथून गेले नाहीत तिथला आकडा कोराच राहणार. ही गोष्ट तेव्हा कुणी नीट समजावून सांगितली नाही आणि वाड्यावाड्यांतल्या माणसांना त्याचा त्रास झाला.

या माग काढण्यामागची यंत्रणाही तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची होती. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२० मध्ये ‘अल्फा’ हे जास्त वेगाने पसरणारं रूप लक्षात आलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्राने ‘इन्साकॉग’ हा दहा प्रयोगशाळांचा गट उभा केला. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यातलीच. अल्फा हुडकायला एक सोपी खूण होती : ठरावीक किटवर आरटी-पीसीआर केली की तीन जनुकांपैकी ‘एस’ जनुक उमटायचंच नाही. त्यानंतर आलेल्या ‘डेल्टा’ने (डेल्टा प्लस हे त्याचंच पुढचं रूप) ती सोय ठेवली नाही. पॉझिटिव्ह अहवालावरून डेल्टा ओळखता येईना, त्यासाठी विषाणूची सुमारे तीस हजार अक्षरांची अख्खी संहिता वाचावी लागे. नमुन्यात विषाणू भरपूर असेल तरच ती धड वाचता येते. म्हणजे रुग्ण उशिरा तपासणीला आला किंवा स्वॅबचा डबा वाटेत गरम झाला, की तो नमुना बाद.

कोकणात ही वाट लांबची. २०२० च्या उन्हाळ्यात रत्नागिरीचे स्वॅब तपासायला घाट चढून मिरजेला जायचे. थर्माकोलचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, वर चिकटपट्टी, आणि गाडी आंबा घाटात. इकडे आमच्या वाडीच्या शाळेत मुंबईहून आलेली माणसं बाकं भिंतीला लावून, चटया टाकून अहवालाची वाट बघत होती. कुणाची आई दोन्ही वेळचं जेवण गडग्यावर ठेवून लांब उभी राहायची. जूनमध्ये रत्नागिरीत प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा आम्हाला केवढा सुटकेचा श्वास घेता आला! पण ती पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच सांगणार. कुठलं रूप, हे विचारायला नमुना पुण्याला किंवा दिल्लीलाच जायचा आणि उत्तर यायला आठवडे लागायचे.

चाकरमान्यांचा रस्ता हाच रोगाचा रस्ता, हे कोकणाला नवीन नाही. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईच्या गोदीतून शहरात शिरला आणि सप्टेंबरात त्याची दुसरी, कितीतरी घातक लाट आली. तेव्हा गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने होती आणि आजारी माणूस आगबोटीने गावच गाठणार. पुढे आगबोटी गेल्या, एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. शिमगा आणि गणपती या दोन सणांना मुंबई-ठाण्यातून जेवढी माणसं गावी येतात, तेवढं दुसरं काही विषाणूला कोकणभर नेऊ शकत नाही. म्हणून चाकरमान्याला दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. घर त्याचंही आहे.

डेल्टाचं घराणं महाराष्ट्रात आधी दिसलं ते विदर्भाच्या बाजूला. २०२१ च्या सुरुवातीला अमरावतीकडे रुग्ण झपाट्याने वाढले, आणि २४ मार्चला केंद्राने ‘दुहेरी उत्परिवर्तन’ म्हणजे एकाच वेळी दोन महत्त्वाचे जनुकीय बदल असलेला विषाणू राज्यातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दिसल्याचं जाहीर केलं. चार दिवसांनी होळी होती. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने या घराण्याला चिंताजनक ठरवलं आणि ३१ मे रोजी त्यातल्या एका शाखेला ‘डेल्टा’ नाव दिलं. डेल्टा प्लस म्हणजे तोच डेल्टा, काट्यासारख्या प्रथिनात ४१७ व्या जागी आणखी एक बदल झालेला. तोच बदल दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या ‘बीटा’त असल्यामुळे प्रतिपिंडांना तो चकवील अशी धास्ती होती. ती रास्त होती. पण प्रत्यक्षात डेल्टा प्लसला मूळ डेल्टावर मात करता आली नाही. संगमेश्वरचं नाव मात्र त्याच्याशी जोडलं गेलं ते गेलंच.

डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तसंच घडलं. ‘जेएन.१’ हे ओमिक्रॉनच्या घराण्यातलं वेगाने पसरणारं रूप केरळात सापडलं आणि महाराष्ट्रातला पहिला रुग्ण निघाला सिंधुदुर्गात. त्या वेळी देशात नोंद झालेल्या २१ पैकी १९ रुग्ण गोव्यात होते, केरळात एक, महाराष्ट्रात एक. बांदा ओलांडलं की गोवा, आणि सावंतवाडीकडची कितीतरी मुलं नोकरीसाठी तिकडे रोज ये-जा करतात. गोव्याचे ते १९ रुग्ण या एका आकड्याशेजारी ठेवून पाहिले असते, तर सिंधुदुर्गाच्या नावापुढे ‘पहिला’ हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत छापावा लागला नसता.