धीर धरताना मेंदूत काय घडतं?

सापाला घाबरणारा माणूस एमआरआय यंत्रात आडवा पडला आहे. त्याच्या डोक्याच्या दिशेने येणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर जिवंत साप आहे. हाताशी दोन बटणं: एकाने साप जवळ येतो, दुसऱ्याने लांब जातो. साप जमेल तितका जवळ आणायचा, एवढंच काम. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत यादिन दुदाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. साप बिनविषारी होता आणि तुलनेसाठी पट्ट्यावर खेळण्यातलं अस्वलही ठेवलं जाई.

किती भीती वाटते हे त्या माणसाला विचारलं जाई. शरीर किती घाबरलंय हे त्वचेच्या घामावरून मोजलं जाई. दोन्ही एकदम चढले की माणूस हार मानून साप मागे ढकलायचा. पण खूप भीती वाटत असूनही अंग शांत असेल, किंवा घाम फुटूनही मनातली भीती आटोक्यात असेल, तर साप जवळ येत असे. या प्रयोगातलं मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. भीती एकसंध नसते, तिचे धागे सुटे होऊ शकतात. धीराच्या त्या क्षणी मेंदूच्या पुढच्या बाजूला, आतल्या भागात असलेला सबजेन्युअल अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स जागा होई. भीती जितकी जास्त, तितकं त्याचं काम जास्त; मात्र माणूस भीतीपुढे नमला, तर हे नातं दिसत नसे.

भीतीच नसेल तर? ‘एसएम’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन बाईंच्या मेंदूतले दोन्ही अमिग्डला, म्हणजे धोका ओळखून भीती जागवणारे भाग, दुर्मीळ आजाराने निकामी झाले. दुकानातले साप त्या कुतूहलाने हाताळत राहिल्या. याला धाडस म्हणायला माझं मन तयार होत नाही, कारण धोक्याची चाहूलच न लागल्याने त्यांच्या जिवावर बेतलेले प्रसंगही आले.

चिकाटीचा धागा वेगळ्या जागी सापडला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ परविझी यांनी २०१३ साली अपस्माराच्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं. उपचारासाठी मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून सिंग्युलेट कॉर्टेक्सच्या मधल्या, मिड-सिंग्युलेट भागाला सौम्य वीज दिली, तशी दोघांच्याही छातीत धडधड वाढली. समोर काहीतरी अवघड येतंय आणि आपण त्यातून पार पडणारच, असं दोघांना वाटलं. एकाने त्याचं वर्णन वादळाच्या दिशेने गाडी हाकण्यासारखं केलं. वीज दिल्याचं नुसतं भासवलं, तेव्हा यातलं काहीच घडलं नाही. रुग्ण दोनच, पण अनुभव विलक्षण जुळणारे.

मग हा निर्धार कमावता येतो का? स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवलं होतं, की न टाळता येणारे विजेचे झटके सोसलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही हालचाल करत नाहीत. हतबलता शिकली जाते, असा तेव्हाचा निष्कर्ष. जवळपास ५० वर्षांनी, २०१६ साली, दोघांनीच तो उलटा केला: लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते, शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. हे शिकणं प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या, म्हणजे कपाळामागच्या मेंदूच्या, मध्यभागात होतं. झटका स्वतः थांबवण्याची संधी आधी मिळालेले उंदीर नंतरच्या अटळ झटक्यांनीही खचत नाहीत. मात्र त्या पहिल्या अनुभवाच्या वेळी हा भाग औषधाने बंद ठेवला, तर ते इतरांसारखेच खचतात.