जुन्या किल्ल्यात नवी भिंत: सिमेंटचं कुठे चुकतं?

जुन्या किल्ल्यात नवं बांधायचं तर ते हुबेहूब जुन्यासारखं दिसलं पाहिजे, असा आपल्याकडे समज आहे. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणारी १९६४ची व्हेनिस सनद उलटंच सांगते: भर नवी म्हणून ओळखू यावी, पण मूळ वास्तूवर तिने कुरघोडी करू नये. इंग्लंडमध्ये वॉरिकशायरमधला अ‍ॅस्टली कॅसल १९७८च्या आगीत खाक झाला. त्याच्या भग्न भिंतींतच विदरफोर्ड वॉटसन मान या वास्तुविशारदांनी नवं घर बसवलं आणि वास्तुकलेसाठीचं २०१३चं ब्रिटिश स्टर्लिंग पारितोषिक मिळवलं. झोपायच्या खोल्या खाली, बैठक वर, काही दालनं मुद्दाम बिनछपराची. वीट कमी उंचीची, कारण तुटक्या कडेशी पातळ थरच जुळवून घेतो.

अशा कामातली खरी गंमत सांध्यात असते. जुनी भिंत पाणी पिते आणि सोडते. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत भरलेला मसाला, चुन्याचा असेल तर ओल त्याच्यातूनच वाळते, क्षारही तिथेच साचतात. खराब झाला की खरवडून पुन्हा भरायचा. सिमेंटने ही वाट बुजते. मग ओल दगडातून बाहेर पडते, क्षारांचे स्फटिक त्याच्या रंध्रांत वाढतात आणि त्यांच्या दाबाने पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी दगड आत जातो, सिमेंटची जाळी पुढे उभी राहते!

ताकदीचंही तसंच. ५३ ग्रेडच्या सिमेंटचा प्रमाणित ठोकळा २८ दिवसांनी किमान ५३ मेगापास्कल दाब सोसतो, ३.५ वर्गाच्या जलीय, म्हणजे पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणाऱ्या, चुन्याचा किमान ३.५. भिंत हलली तर काहीतरी तडकणारच. दगडाऐवजी चुना तडकलेला परवडतो.

एक माप चुन्याला अडीच मापं खरखरीत वाळू घ्यावी. जुनी भिंत आधी भिजवावी, नाहीतर ती चुन्यातलं पाणी ओढते आणि दर्जाची भुकटी होते. भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट. जलीय चुना आधी पाण्याशी संयोग होऊन धरतो; उरलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेट होतं, बाहेरून आत, फार सावकाश. तापमान ५ अंशांखाली गेलं की काम थांबवावं. गोठणारं पाणी कोवळा चुना फोडतं.

गूळ घातलेल्या चुन्याच्या ‘हरवलेल्या गुपिता’चे संदेश सतत फिरतात. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, इतकंच ते गुपित. तोच गूळ सिमेंटमध्ये पडला तर ते वेळेवर धरत नाही.

आपला काळा बेसॉल्ट फारसं पाणी पीत नाही, त्यामुळे पापुद्र्यांचा त्रास कमी; पण तटाच्या पोटात शिरलेल्या पाण्याला सिमेंटचा दर्जा बाहेर येऊ देत नाही, आतला भराव फुगतो आणि तट पोट काढतो. कोकणातला जांभा सच्छिद्र, त्याला दोन्ही दुखणी.