काढला-लावला तरी स्कोप जागेवरच बसायला हवा: रेप्लिका ब्लास्टरच्या रेलमागचं फिजिक्स

स्टार वॉर्सचा पहिला सिनेमा आला १९७७ ला, आणि त्यातल्या हान सोलो या नायकाच्या कमरेला जो ब्लास्टर (सिनेमातली किरणं सोडणारी काल्पनिक बंदूक) आहे ना, डीएल-४४, तो खऱ्या वस्तू जोडून बनवलाय. मूळ पिस्तूल जर्मन, माउझर सी९६, १८९६ चं डिझाइन, नळीच्या तोंडाला एमजी ८१ या विमानातल्या मशीनगनचा फ्लॅश हायडर (गोळी सुटताना दिसणारी ज्वाळा झाकणारं टोपण) आणि वर हेन्झोल्ट कंपनीचा जुना ३ पट मोठं दाखवणारा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. त्या शूटिंगमधला एक ब्लास्टर २०२२ मध्ये अमेरिकेत लिलावात १० लाख डॉलरच्या वर गेला. मला तो लहानपणापासून आवडतो, म्हणून मी थ्रीडी प्रिंटरवर स्वतःचा बनवला, बॉडी पीएलए प्लास्टिकची आणि स्कोप अॅल्युमिनियमचा, लेथवर करून घेतलेला, वजन साधारण २५० ग्रॅम.

पहिल्यांदा स्कोप सरळ चिकटवला होता आणि पहिल्याच प्रवासात बॅगेत तो तुटून निघाला, कारण स्कोप बाहेर आलेला असतो आणि बॅगेतला सगळा दाब त्याच्यावरच येतो. मग ठरवलं की स्कोप त्याच्या रेलसकट, म्हणजे तो ज्या पट्टीवर बसतो तिच्यासकट, काढता आला पाहिजे. काढता येणं सोपं आहे हो, पण परत लावल्यावर तो बरोब्बर त्याच जागी, त्याच कोनात बसणं ही खरी गंमत आहे आणि सगळं विज्ञान तिथेच आहे.

कुठलीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली हे तीन, आणि त्या तीन दिशांभोवती फिरणं हे आणखी तीन. वस्तू पक्की बसवायची म्हणजे हे सहाच्या सहा रस्ते बंद करायचे. आता खऱ्या बंदुकांवर जी पिकॅटिनी रेल असते (अमेरिकन लष्कराचं १९९५ चं स्टँडर्ड), तिच्या तिरक्या कडा पाच रस्ते अडवतात आणि फक्त पुढे-मागे सरकणं उरतं, ते आडव्या खाचा अडवतात. खाच ५.२३ मिमी रुंद आणि दोन खाचांमधलं अंतर १०.०१ मिमी, इतकं काटेकोर. पण १९७७ च्या ब्लास्टरवर १९९५ ची रेल दिसली तर बघणारा लगेच ओळखतो, त्यामुळे जोड आत लपलेला हवा.

बहुतेक जण इथे मॅग्नेट लावतात, मीही लावले. आजचे ताकदवान नियोडिमियम मॅग्नेट १९८० च्या दशकात आले, जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे लोक यांनी साधारण एकाच वेळी शोधलेले. पण मॅग्नेटची एक गोष्ट नीट समजून घ्या, पाकिटावर लिहिलेली ताकद ही सरळ ओढायची असते, बाजूला सरकवायची नाही. सरकवताना विरोध करतं ते फक्त घर्षण आणि गुळगुळीत धातूवर ते ओढण्याच्या ताकदीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतं. फ्रिजवरचा मॅग्नेट उपटायला जोर लागतो पण घसरतो मात्र सहज, तेच हे. म्हणून माझा नियम असा झाला की मॅग्नेटने फक्त धरायचं, जागा ठरवायचं काम आकाराने करायचं.

धरायला किती जोर लागतो तेही बघा. ब्लास्टर आडवा केला की २५० ग्रॅमचा स्कोप बाजूला लोंबतो. त्याचा गुरुत्वमध्य रेलपासून ४० मिमी वर आणि रेल २० मिमी रुंद, म्हणजे मधला मॅग्नेट कडेपासून फक्त १० मिमीवर. तरफेचा हिशोब केला तर १ किलोचा जोर लागतो आणि हे नुसतं स्थिर धरल्यावर, चालताना झटके बसतात ते वेगळेच! शिवाय मॅग्नेट आणि लोखंडात १ मिमी फट पडली तरी छोट्या मॅग्नेटची ताकद निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे प्रायमर आणि रंगाचे थर चढवताना तेवढा भाग टेपने झाकून ठेवा.

आता जागा ठरवणं. आधी मी दोन पिना आणि दोन भोकं केली होती. हिवाळ्यात छान बसायचं आणि मे महिन्यात अडकायचं. पीएलए एका अंशाला एका मीटरमागे साधारण ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, अॅल्युमिनियम २३. पिनांमधलं अंतर १२० मिमी आणि पुण्यातला फरक २५ अंशांचा धरला तर दोघांच्या वाढीत ०.१४ मिमीचा फरक पडतो, घट्ट बसणाऱ्या पिनेला एवढा पुरतो. साधा उपाय म्हणजे एक भोक गोल ठेवायचं आणि दुसरं लांबट, जुने फिटर लोक हेच करतात.

पण याहून सुंदर उत्तर एकोणिसाव्या शतकातलं आहे, लॉर्ड केल्विन आणि मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञांचं. चार पायांचा चौरंग डगमगतो पण तिवई कधीच डगमगत नाही, कारण तीन बिंदू कुठल्याही जमिनीवर टेकतातच. मॅक्सवेलची रचना हीच कल्पना पुढे नेते, वरच्या भागाला तीन गोळे, खालच्या भागाला इंग्रजी व्ही आकाराच्या तीन खाचा, तिन्ही मध्याकडे तोंड करून. प्रत्येक गोळा खाचेच्या दोन भिंतींना टेकतो, तीन दुणे सहा, सहा रस्ते बंद आणि एकही जादा अडवणूक नाही. गरमीने काही वाढलं तर गोळे आपापल्या खाचेत किंचित सरकतात, मध्य तिथेच राहतो.

गोळे म्हणून मी सायकलच्या मागच्या चाकातले पाव इंची छर्रे घेतले आणि प्रिंट केलेल्या खोबणीत दोन-दोन स्टीलच्या पिना समांतर बसवून व्ही खाचा केल्या, कारण नुसत्या प्लास्टिकवर छर्ऱ्याने खड्डा पडतो. त्रिकोणामुळे तरफेचा हात अजून आखूड होतो, म्हणून मॅग्नेट दोन लावले आणि ते छर्ऱ्यांच्या त्रिकोणाच्या आतच ठेवले, बाहेर गेले की रेल उलट उचलली जाते. आणि मॅग्नेट लोखंडी पट्टीला टेकू देऊ नका, अर्धा मिमी फट मुद्दाम ठेवा, नाहीतर मॅग्नेट टेकतो आणि छर्रे अधांतरी राहतात. खालची पट्टी स्क्रूने लावताना पितळी इन्सर्ट (प्लास्टिकमध्ये बसवायची आतून आटे असलेली नळी) वापरा, पीएलएमध्ये पाडलेले आटे दाबाखाली हळूहळू सैल होतात, आणि ६० अंशांच्या पुढे तर पीएलए मऊच पडतं, उन्हात बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं.

शेवटी चाचणी घेतली. स्कोपवर लेझर पॉइंटर टेपने लावला, ब्लास्टर शिकंजात पकडला, ५ मीटरवरच्या भिंतीला कागद चिकटवला आणि स्कोप दहा वेळा काढून लावला. दोन पिनांच्या जोडात ठिपका दोन-अडीच सेंटीमीटर फिरत होता. छर्ऱ्यांवर दहाही खुणा पेन्सिलच्या टोकाएवढ्या जागेत पडल्या.