रेघ मोठी, माळ लहान: नान्नजच्या अभयारण्याची पार्श्वभूमी

नान्नजच्या, म्हणजे सोलापूर-नगरच्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा विषय निघाला की बोलणं हद्दीपासून सुरू होतं आणि बहुतेकदा हद्दीपाशीच संपतं. १९७९ साली अधिसूचना निघाली तेव्हा क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहून जास्त. सोलापूरकडचे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगरकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, अशा तालुक्यांचा मोठा भाग एका फटक्यात अभयारण्य झाला. पुढच्याच वर्षी त्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य केलं, ते २.१७ चौरस किलोमीटरचं. माळावरचे शेजारी-शेजारी राहणारे दोन प्राणी, आणि त्यांना दिलेल्या जागेत जवळजवळ चार हजार पटींचा फरक. २०१२ मध्ये माळढोकचं क्षेत्र कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, त्याची मुळं या पहिल्या मापात आहेत.

माळ तसा फार जुना. इथे कधीकाळी दाट जंगल होतं, माणसानं कुऱ्हाड चालवून त्याचा माळ केला, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. २०२५ मध्ये दोन अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून तपासले, तेव्हा चित्र उलटं निघालं. पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा पट्टा निदान साडेसातशे वर्षं तरी गवताचा आणि काटेरी झाडोऱ्याचाच आहे. मधल्या काळाचा एकच आकडा पुरे: १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एका इंग्रज शिकाऱ्यानं नगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एकट्या माणसाची ही शिकार. त्यानंतरही पक्षी दीडशे वर्षं टिकून राहिला, यावरून तेव्हाचा माळ केवढा पसरलेला असेल ते समजावं.

हा माळ चालतो कसा, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. पाऊस कमी, जमीन हलकी, मुरमाड. गवत जून-जुलैत उठतं, दिवाळीपर्यंत पिवळं पडतं आणि उरलेले सहा-सात महिने वाळून उभं राहतं. कुसळी गवताचं बी घ्या. टोकाला सुईसारखं अणकुचीदार, वर केसाळ, पीळ पडलेलं लांब कुसळ. हवेत ओल आली की पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो. या फिरण्यातून बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. जमीन नाही सापडली तर मेंढीच्या लोकरीत घुसतं आणि पुढच्या मुक्कामाला जातं. धनगराला ही कुसळं नको असतात, म्हणून तो कळप कुसळी फुलायच्या आत तिथून फिरवतो. कोवळं गवत खाल्लं गेल्यानं माळाचा काही भाग आखूड राहतो, काही भाग गुडघाभर वाढतो. लेंड्यांवर किडे येतात, आखूड गवतात नाकतोडे उघड्यावर सापडतात, आणि ते खायला माळढोक येतो. नराला पावसाळ्यात आपला थाट दाखवायला, गळ्याची पिशवी फुगवून घुमायला असाच मोकळा, उंचवट्याचा तुकडा लागतो. त्या घुमण्यावरूनच त्याला कुठे कुठे हूम म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते, आणि पिल्लाला घेऊन वाढलेल्या गवतात शिरते. बाजूच्या शेतातली ज्वारी आणि भुईमूग, त्यावरचे किडे हेही त्याचं खाणं. लांडग्याचं पोट बऱ्याच अंशी मेंढरांवर. मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. कोण कुणावर अवलंबून आहे याची उभी-आडवी गुंतागुंत, आणि त्यात माणूस बाहेरचा नाही.

१९७२ चा दुष्काळ सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर अवर्षणप्रवण भागासाठी जो कार्यक्रम आला, त्यात सोलापूरपासून जवळच नान्नजच्या माळाचे काही तुकडे राखले गेले. हेतू गुरांच्या वैरणीचा. गवत उठलं आणि माळढोक तिथे विणीला येऊ लागला. स्थानिक पक्षीनिरीक्षकांनी तो हेरला, फोटो काढले, अभ्यासक आले, आणि दुष्काळी कामाच्या कुरणाचं देशभर नाव झालं. पक्ष्यासाठी म्हणून आखलेली योजना नव्हतीच ती, आणि तरी नंतरच्या कुठल्याही योजनेपेक्षा तिनं पक्ष्याचं जास्त भलं केलं, असं माझं मत आहे.

आता १९७९ च्या निर्णयाकडे. पक्ष्याच्या बाजूनं पाहिलं तर एवढ्या मोठ्या रेघेला आधार होता. माळढोक विणीपुरता एका ठिकाणी असतो, एरवी पांगतो. दहा-पंधरा किलोंचं धूड पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या माळावर सहज जातं. नान्नजचे चार तुकडे राखून तो वाचणार नव्हता. तो जातो ती सगळी जमीन धरायची, तर तालुकेच्या तालुके धरावे लागणार. अडचण अशी की ही जमीन बहुतांशी खासगी होती. शेतं, गावठाणं, रस्ते, बाजारपेठा. १९७२ चा वन्यजीव कायदा बेतलेला होता तो जंगलावर, जिथे मालक सरकार असतं आणि आतल्या थोड्याफार लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते मिटवता येतात. या कायद्याच्या विसाव्या कलमानुसार अधिसूचना निघाल्यानंतर त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क कुणाला मिळवता येत नाही. वाघाच्या जंगलात हे कलम चालून जातं. माढ्याच्या शेतकऱ्याला याचा अर्थ, मुलीच्या लग्नाला दोन एकर विकता येणार नाहीत.

पहिली पंधरा-वीस वर्षं हे कलम कागदावरच झोपून होतं. लोक जमिनी विकत-घेत होते, विहिरी पाडत होते, अभयारण्यात राहतो याचा अनेकांना पत्ताही नव्हता. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या अभयारण्यांमधली हक्कनिश्चिती वर्षभरात उरका असं राज्यांना बजावलं. तेव्हा फायली उघडल्या आणि व्यवहार अडायला लागले. बिगरशेती परवानगी अडली, रस्त्याचं काम अडलं. राज्याला हद्द कमी करायची इच्छा झाली, तोवर नोव्हेंबर २००० मध्ये त्याच न्यायालयाचा दुसरा आदेश आला, की आमच्या परवानगीशिवाय अभयारण्याचं क्षेत्र वगळायचं नाही. पुढे कायद्यातही दुरुस्ती झाली आणि हद्दबदलासाठी राष्ट्रीय पातळीवरच्या वन्यजीव मंडळाची शिफारस आवश्यक ठरली. म्हणजे ज्या राज्यानं एका सहीनिशी रेघ मारली होती, त्याला ती स्वतःच्या हातानं पुसता येईना.

मग समिती. समितीनं नकाशे घेऊन बसून सुचवलं की शेती-वस्तीचा भाग सोडा, पक्ष्याला खरोखर उपयोगी तेवढा माळ ठेवा. तिचा आकडा १,२२२.६१ चौरस किलोमीटर. मंडळ, न्यायालय असा प्रवास करून २०१२ मध्ये तो अमलात आला. मूळ क्षेत्राचा सातवा हिस्सा. शहरातल्या निसर्गप्रेमींनी याला विश्वासघात म्हटलं, गावात फटाके वाजावेत असा सुटकेचा श्वास टाकला गेला. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: की १९७९ ते २०१२ या काळात त्या ८,४९६ चौरस किलोमीटरमध्ये कसलंतरी संरक्षण होतं.

ते कुठे होतं? अधिसूचनेच्या पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, उजनी धरण पूर्ण झालं, तेही माढा तालुक्यात, म्हणजे अभयारण्याच्या पोटात. कालवे निघाले, उपसा योजना आल्या. ज्या हलक्या रानात कोरडवाहू ज्वारी आणि तूर व्हायची, तिथे ऊस उभा राहिला. आज साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात पुढे आहे. ज्वारीच्या रानात माळढोक चरू शकतो. खळं झाल्यावर तर आरामात. पुरुषभर उंचीच्या उसात त्याला काहीच करता येत नाही. समोरचं फारसं न दिसणारा, जड, लांब धाव घेऊन उडणारा पक्षी तो. पाण्याला कुणी नको म्हणावं असं मी सुचवत नाही. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढला त्यांना तसं सांगायला मोठी छाती लागेल. पण एका खात्यानं पक्ष्यासाठी तालुके राखले आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यानं त्याच तालुक्यांत कालवे फिरवले, आणि तीस वर्षं या दोन नकाशांची गाठ कुणी घालून दिली नाही, हे नोंदवायला हवं.

उरलेल्या सरकारी माळावर वेगळाच प्रयोग झाला. ऐंशीच्या दशकात पडीक जमिनी हिरव्या करायची लाट आली आणि देशाची एक-तृतीयांश भूमी झाडांखाली आणायचं उद्दिष्ट तर आधीपासूनच होतं. माळ कुणाच्याच हिशोबात वन नव्हता. मग त्यावर खड्डे खोदून गिरिपुष्प लावलं गेलं, सुबाभूळ लावली गेली. गिरिपुष्पाला शेळी-मेंढी सहसा तोंड लावत नाही, म्हणून ते जगतं. जगतं म्हणून आकडेवारीत यश दिसतं. पण झाड आलं की कावळ्याला टेहळणीला फांदी मिळते आणि उघड्यावरचं अंडं जाणार हे ठरलेलं. राखलेल्या तुकड्यांत चराई पूर्ण बंद केल्यानं गवत इतकं माजलं की घुमायला मोकळी जागा उरेना. मर्यादित, पाळीपाळीनं चराई ठेवा, असं अभ्यासकांनी सुचवलं होतं. पण कुंपण घालणं सोपं, पाळी ठरवणं अवघड. धनगर बाहेर गेला आणि त्याच्याबरोबर माळ आखूड ठेवणारी तोंडंही गेली.

त्यानंतरचा भाग वर्तमानपत्रांतून बऱ्याच जणांनी वाचला असेल. २०११ मध्ये पक्षी जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. आता देशभरात दीडशेच्या आसपास उरले, तेही मुख्यतः राजस्थानात. नान्नजला एखादी मादी दिसली तरी बातमी होते. २०१९ पासून जैसलमेर भागात पिंजऱ्यात पैदास सुरू आहे. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयानं राजस्थान-गुजरातच्या पट्ट्यातल्या वीजवाहिन्या जमिनीखाली घालायला सांगितलं, कारण तारांना धडकून पक्षी मरतात. सौरऊर्जेचं काय, असा आक्षेप आल्यावर मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून निर्णय तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. पुन्हा समिती, पुन्हा चौरस किलोमीटर. सोलापूरचा अनुभव तिथे कुणी अभ्यासला असता तर बरं झालं असतं.

इकडे माळावर आता तोच सौरऊर्जेचा विषय वेगळ्या दारानं आला आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी गावोगावची गायरानं आणि सरकारी पडीक जमिनी सौर प्रकल्पांना भाड्यानं दिल्या जातात. योजना २०१७ ची, तिची वाढीव आवृत्ती २०२३ ची. शेतकऱ्याला रात्री पाणी द्यायला बॅटरी घेऊन जावं लागू नये, हे चांगलंच. पण निवड होते ती जमीन बहुतेक हाच माळ, कारण सपाट, मोकळा आणि दप्तरात बिनकामाचा. अभयारण्याच्या उरलेल्या हद्दीबाहेर यावर वन्यजीव कायद्याचं काही चालत नाही. २०१२ मध्ये सातातले जे सहा हिस्से वगळले, त्यात शेतांच्या मध्ये अडकलेले असे गायरानाचे तुकडे भरपूर आहेत. खोकड, लांडगा, तित्तर, धाविक पक्षी असल्या तुकड्यांवरच टिकून आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी अधिसूचना काढलेली नाही. प्रकल्पाला तारेचं कुंपण पडलं की मेंढरांचा रस्ता बंद होतो. मग कळप वळतो तो वन खात्याच्या राखीव माळाकडे, जिथे चराईला बंदी आहे. तिथे लांडग्यानं मेंढरू उचललं तर भरपाईची तरतूद असूनही धनगर अर्ज करायला बिचकतो, कारण मेंढरं तिथे कशी, हा पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.